अभ्यासपाठ : द्राक्षारसाची चव आणि दानाचा पैसा

वाचन : योहान २:१-११, अनुवाद २४:१९-२२, आमोस ६:४-६, रोमकरांस १४:१३-२३



या तिमाहीचा पाठ मी एका पत्रावरून लिहीत आहे. मूळचे नगरकडचे, पण गेली बरीच वर्षे इंग्लंडात राहणारे एक कुटुंब आपल्या वसतिगृहाला दरवर्षी मदत करते. त्यांनी नाताळच्या आधी लिहिले की, त्यांच्या मंडळीतली आठ-दहा घरे सणाच्या सुटीत एका संध्याकाळी एकत्र जमतात. प्रत्येकाने एक बाटली आणायची. बाटल्यांवर कागद गुंडाळायचा. मग सगळ्यांनी थोडे थोडे चाखून, काय वाटले ते कार्डावर लिहायचे आणि एकमेकांना वाचून दाखवायचे. सोबत प्रत्येकाने देणगी टाकायची. यंदाची देणगी आपल्या मुलांसाठी पाठवावी असे त्यांच्या मनात होते. पत्राच्या शेवटी त्यांनी विचारले होते, “ताई, तुम्हाला हे चालेल ना? मोकळेपणाने सांगा.”

मोकळेपणाने सांगणे सोपे नव्हते. आपले काम पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर आहे. तिथे दारूने काय केले आहे हे या अंकाच्या वाचकांना मी नव्याने सांगायला नको. वसतिगृहातल्या मुलांपैकी कितीतरी जणांच्या घरी वडील नाहीत ते याच कारणाने. समितीत पत्र वाचून दाखवले तेव्हा पहिली दहा मिनिटे कोणी बोलले नाही, आणि नंतर सगळे एकदम बोलू लागले. एक म्हणाले, “दारूचा पैसा मुलांच्या ताटात नको.” दुसरे म्हणाले, “प्रभूने पहिला चमत्कार कशाचा केला?” दोघांच्याही हातात पवित्र शास्त्र होते. तेव्हा आपण वाद बाजूला ठेवून शास्त्र नीट वाचू, असे ठरले. आम्ही दोन बैठकांत जे वाचले ते इथे मांडते.

आधी कानाचे लग्न. आपण नेहमी चमत्कारावर थांबतो. या वेळी ९ वे आणि १० वे वचन सावकाश वाचा. भोजनकारभारी पेला तोंडाला लावतो, चव घेतो, नवऱ्या मुलाला बोलावतो आणि आपले मत सांगतो : इतर लोक चांगला द्राक्षारस आधी वाढतात, तू मात्र तो शेवटपर्यंत राखून ठेवलास. म्हणजे चव घेऊन ती चारचौघांत सांगणे हे शुभवर्तमानातच आहे, आणि मत अगदी बरोबर आहे. पण योहान मध्येच एक छोटी गोष्ट सांगून जातो. हा द्राक्षारस कुठून आला हे चाखणाऱ्याला ठाऊक नव्हते. ज्या चाकरांनी पाणी काढले होते, त्यांना ठाऊक होते.

ते पाणी किती होते? दगडी रांजण सहा. शुभवर्तमानात जे माप दिले आहे ते अंदाजे ३९ लिटरचे, आणि एकेका रांजणात अशी दोन-तीन मापे मावत. हिशेब केला तर पावणेपाचशे ते सातशे लिटर होतात. रांजण रिकामे असतील तर पंधरा लिटरच्या हंड्याने तीसच्या वर, कदाचित पंचेचाळीस खेपा. आमच्या पाड्यावरच्या बायका एप्रिल-मे महिन्यांत विहिरीवरून पाणी आणतात, त्यांना हे वाचून दाखवले तेव्हा एकीने लगेच विचारले, “ताई, त्यांच्या डोक्यावर चुंबळ होती का?” मला उत्तर देता आले नाही. पण त्या दिवसापासून कानाची गोष्ट वाचताना माझे लक्ष आधी त्या चाकरांकडे जाते.

आता चाखण्याची रीत थोडी समजून घेऊ, कारण समितीत निम्मा गैरसमज इथेच होता. चाखणे म्हणजे पीत बसणे अशी आपली कल्पना. मुरलेले चाखणारे तसे करत नाहीत. पेल्यात तळाशी थोडेसे ओततात. पांढऱ्या कागदावर धरून रंग आणि स्वच्छपणा बघतात. पेला हलकेच गोल फिरवतात, म्हणजे वास मोकळा होतो. मग नाक जवळ नेऊन वास घेतात. घोटभर तोंडात घेऊन जिभेवर सगळीकडे खेळवतात : गोडवा किती, आंबटपणा किती, हिरड्यांना जाणवणारा तुरटपणा किती, आणि चव जिभेवर किती वेळ रेंगाळते. त्यानंतर तो घोट पिकदाणीत थुंकून टाकतात. दिवसभरात पन्नास वाइन चाखणाऱ्याला थुंकल्यावाचून गत्यंतरच नसते, नाहीतर दहाव्या पेल्यापासून त्याचे मत ऐकण्याच्या लायकीचे राहणार नाही. वाइनमध्ये साधारण १२ ते १४ टक्के मद्यार्क असतो, तेव्हा “वाइन म्हणजे दारू नाही” असे मी म्हणणार नाही. २०२२ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला तेव्हा हे वाक्य खूप ऐकू आले. पण जीभ लावून थुंकणे आणि बाटली रिकामी करणे यांत फरक आहे, एवढे प्रामाणिकपणे मानले पाहिजे.

बाटलीवर कागद गुंडाळण्याचेही कारण आहे. नाव आणि किंमत दिसली की जीभ तेच बोलू लागते. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने फ्रेंच परीक्षकांपुढे फ्रान्सची आणि कॅलिफोर्नियाची वाइन नाव न सांगता ठेवली. पांढऱ्या आणि लाल, दोन्ही गटांत कॅलिफोर्नियाची बाटली पहिली आली. परीक्षक आपल्या कामात वाकबगार होते, तरी त्यांनाही ते खरे वाटेना. शमुवेल इशायाच्या घरी गेला तेव्हा थोरल्या मुलाची उंची पाहून फसत होता, ते प्रकरण (१ शमुवेल १६) इथे आठवते. याकोबाने आपल्या पत्राच्या २ ऱ्या अध्यायात अंगठी घातलेल्या माणसाला आणि मळक्या कपड्यांतल्या माणसाला मंडळीत कुठे बसवतात हे लिहिले आहे, तेही आठवते. असो, हा जरा फाटा फुटला.

द्राक्षारस आणि दान यांचा संबंध मात्र जुना आहे. फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात बोन नावाचे गाव आहे. तिथे १४४३ साली निकोला रोलँ आणि त्याची पत्नी गिगोन द सालँ यांनी गरिबांसाठी रुग्णालय स्थापन केले. रोलँ हा बर्गंडीच्या ड्यूकचा प्रमुख मंत्री. शंभर वर्षांच्या युद्धाने मुलूख धुऊन निघाला होता, लोकांना अन्न नव्हते. १४५२ च्या पहिल्या दिवशी पहिला रुग्ण आत आला. रंगीत कौलांच्या त्या इमारतीत १९७१ पर्यंत, म्हणजे पाचशेहून अधिक वर्षे रुग्णसेवा चालली. नवरा वारल्यावर गिगोनबाई तिथेच राहिल्या, शुश्रूषा केली आणि तिथल्या प्रार्थनामंदिरातच त्यांना पुरले.

त्या रुग्णालयाला लोक द्राक्षमळे दान देत गेले. पहिला मळा १४५७ साली एका बाईने दिला. आज सुमारे ६० हेक्टर मळे त्या संस्थेचे आहेत. १८५९ पासून तिथल्या द्राक्षारसाचा लिलाव होतो. तो आता नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी असतो. द्राक्षे काढून जेमतेम दोन महिने झालेले असतात. माल २२८ लिटरच्या लाकडी पिंपात असतो, अजून कच्चा. घेणारे लिलावाआधी पिंपातूनच चाखतात, आपापली टिपणे करतात, आणि पुढे तो कसा मुरेल याचा अंदाज बांधून बोली लावतात. पैसा रुग्णालयाच्या कामाला जातो. एक पिंप खास धर्मादायासाठी राखलेले असते. २०२२ साली त्या एका पिंपाला ८ लाख १० हजार युरो आले.

समितीत हे ऐकून “बघा!” असे म्हणणारे होते. त्यांना मी गोष्टीची दुसरी बाजूही सांगितली. रोलँची प्रचंड संपत्ती कशी जमली यावर त्या काळीही लोक बोलत. फ्रान्सच्या अकराव्या लुई राजाने म्हणे टोमणा मारला की, या माणसाने इतक्यांना गरीब केले आहे की त्यांच्यासाठी घर बांधणे त्याला भागच होते. ही आख्यायिका असेल. पण प्रश्न आख्यायिका नाही. ज्या पैशातून दान येते, त्याच पैशाने कोणाला आधी नागवले असेल तर?

शास्त्र या प्रश्नापासून पळत नाही. काही कमाई परमेश्वराच्या मंदिरात आणू नये असे अनुवाद २३:१८ स्पष्ट सांगते. यहूदाने टाकलेली तीस नाणी भांडारात घ्यायला मुख्य याजकांनी नकार दिला, आणि त्यांतून परक्यांना पुरण्यासाठी कुंभाराचे शेत घेतले (मत्तय २७:६-७). ज्यांनी ती नाणी स्वतःच दिली होती त्यांनाच ती अशुद्ध वाटली, ही मला त्या प्रसंगातली सर्वांत अंगावर येणारी गोष्ट वाटते. आमोस तर नेमके नाव घेऊन बोलतो. दंड म्हणून उकळलेल्या पैशाचा द्राक्षारस लोक आपल्या देवाच्या घरात पितात, असा त्याचा आरोप आहे (२:८). आणि ६ व्या अध्यायात तो मोठमोठ्या वाडग्यांतून पिणाऱ्यांबद्दल बोलतो. त्यांचा गुन्हा चव घेणे एवढाच नाही. योसेफाच्या वंशाची दुर्दशा झाली आहे आणि यांना त्याची खंत नाही, हा आहे.

याच्या उलट बाजूला द्राक्षमळ्याचा नियम ठेवा. लेवीय १९:१० आणि अनुवाद २४:२१ ही दोन्ही वचने शेतकऱ्याला सांगतात की द्राक्षे काढल्यावर वेलींवरून पुन्हा हात फिरवू नकोस, गळालेली गोळा करू नकोस. ती उपऱ्याची, अनाथाची, विधवेची. हे दान घरी बोलावून हातावर ठेवायचे नाही. गरिबाने स्वतः मळ्यात शिरायचे आणि स्वतःच्या हाताने खुडायचे. मालकाने फक्त वाट मोकळी ठेवायची. पुढच्याच वचनात कारण दिले आहे : तूही मिसर देशात दास होतास.

आता आपल्या दाराशी या. दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत काम करायला कोण जाते? आपल्याच पाड्यांवरची माणसे. भात निघाले, दिवाळी झाली की टोळ्या निघतात. ऑक्टोबरची गोडी छाटणी, मग फुटवे काढणे, विरळणी, घड धुणे, नंतर काढणी. एप्रिलमध्ये पुन्हा खरड छाटणी. काम बहुतेक एकरी दराने उक्ते. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, ती पावसाळ्यात घरी खाऊन संपलेली असते. आजी असेल तर पोर आजीकडे, नसेल तर बागेच्या बांधावर. म्हणून तर आपले वसतिगृह सुरू झाले. नाताळात आपण केक कापतो तेव्हा त्या मुलांचे आईबाप वेलीखाली मान वर करून घड विरळत असतात. वाइनची द्राक्षे आणि खाण्याची द्राक्षे यांच्या बागा वेगळ्या, कामातही फरक, पण मजूर त्याच गावांतले. याकोब ५:४ मध्ये शेत कापणाऱ्यांची अडवलेली मजुरी ओरडते असे आहे. द्राक्षारसाच्या पेल्याला कान लावायचा तो यासाठी.

मग पाड्यावरच्या दारूचे काय? ती वाइन नव्हे. ती गावठी असते, गुळाची, नवसागर टाकलेली. मोहाचेही नाव बदनाम झाले आहे. मोहाचे फूल उपासमारीच्या दिवसांत लोकांनी भाजून, उकडून खाल्ले आहे, देवाला वाहिले आहे. मला स्वतःला मोहाच्या झाडाचा राग येत नाही, बाटलीचा येतो. आपल्या बालवाडीत काम करणाऱ्या एक मावशी आहेत. त्यांचे यजमान दारूपायी गेले. पत्राची गोष्ट मी मुद्दाम त्यांना विचारायला गेले, कारण समितीत बसलेल्यांपैकी कोणाच्याही घरात ती आग लागलेली नाही. त्या तांदूळ निवडत होत्या. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “ताई, ते लोक पिऊन बायकोला मारतात का?” मी म्हटले, नाही मावशी, तसे नाही. “मग घ्या पैसे. पण पोरांना सांगू नका की बाटलीतून आले. पोरे लहान आहेत, त्यांना बाटली म्हणजे एकच ठाऊक.”

रोमकरांस १४ वा अध्याय मी डिप्लोमाच्या वर्गात परीक्षेपुरता पाठ केला होता. तो मला त्या दिवशी मावशींच्या ओट्यावर कळला. पौल तिथे पदार्थ अशुद्ध ठरवत नाही. ज्याच्यासाठी ख्रिस्त मेला त्या भावाला तुझ्या खाण्यापिण्याने ठेच लागू नये, एवढे बघ म्हणतो. म्हणजे निर्णय बाटलीत काय आहे यावर संपत नाही, समोर कोण आहे यावर ठरतो. इंग्लंडातल्या त्या दिवाणखान्यात जे निर्दोष आहे, ते आपल्या वसतिगृहाच्या फलकावर लावले तर अडखळण होऊ शकते. यिर्मया ३५ मध्ये रेखाबाच्या वंशजांपुढे प्रत्यक्ष मंदिरात द्राक्षारसाचे पेले ठेवले, तरी ते प्याले नाहीत, आणि परमेश्वराने त्यांचे कौतुक केले. पण सगळ्या इस्राएलाने द्राक्षारस सोडावा असे त्याने सांगितले नाही. ज्यांनी आपल्या घरापुरता नेम केला आहे त्यांना कोणी जुनाट म्हणू नये. आपल्या बऱ्याच मंडळ्यांत प्रभुभोजनाला मनुकांचा रस वापरतात, त्यामागेही हीच काळजी आहे. अमेरिकेत १८६९ साली थॉमस वेल्च या मेथडिस्ट दंतवैद्याने द्राक्षांचा रस तापवून आंबू न देण्याची युक्ती काढली, तीही प्रभुभोजनाच्या पेल्यासाठीच. आणि त्याच वेळी, वसईकडे किंवा मुंबईत नाताळला घरचा द्राक्षारस करून शेजाऱ्यांना देणाऱ्या घरांकडे वाकड्या नजरेने बघण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही.

शेवटी समितीने देणगी स्वीकारायचे ठरवले, पण तीन विनंत्या लिहून पाठवल्या. पहिली, देणगी पेल्यांच्या संख्येवर नसावी. जो जास्त प्यायला तो जास्त दानशूर, असा हिशेब होऊ नये. माणशी ठरावीक रक्कम असावी, आणि जो फक्त द्राक्षांचा रस घेईल त्याचेही कार्ड वाचले जावे. दुसरी, त्या संध्याकाळी आपल्या मुलांचे फोटो टेबलावर लावू नयेत. तिसरी, चाखायला सुरुवात करण्यापूर्वी द्राक्षबागेतल्या मजुराच्या एका दिवसाबद्दल आम्ही लिहिलेले पानभर टिपण कोणीतरी मोठ्याने वाचावे. पैसा परदेशातून येणार असल्याने तो एफसीआरएच्या ठरलेल्या खात्यातच यावा, हेही कळवले. पौल वर्गणी नेताना लोकांना दोष काढायला जागा उरू नये म्हणून किती जपत होता ते २ करिंथकरांस ८:२०-२१ मध्ये वाचा. हिशेबाची काळजी अध्यात्माबाहेरची नाही.

आणखी एक ठरले. इथे आपण बाटली ठेवायची नाही, पण चव सांगण्याची रीत चांगली आहे, ती घ्यायची. नाताळनंतरच्या शनिवारी मंडळीच्या हॉलमध्ये पाड्यावरच्या बायकांनी नागलीची भाकर, वरईचा भात, डोंगरातला मध आणि मोहाच्या फुलांचे लाडू मांडले. कोणता पदार्थ कोणाचा ते झाकलेले. प्रत्येकाने चाखून कार्डावर लिहिले, मग वाचले. आपल्या लोकांना “छान आहे” यापलीकडे चव सांगता येत नाही हे तिथे कळले! एका आजोबांनी मात्र मधाबद्दल लिहिले की आधी गोड, मग घशाशी किंचित कडू, कारवीच्या फुलांचा असेल. मध आणणारी बाई उभी राहून म्हणाली, “नाही बाबा, कारवी यंदा फुललीच नाही.” आणि मग तो कुठल्या झाडांवरचा, कोणी कडा उतरून काढला, हे तिने सांगितले. ती बोलत होती तोवर सगळा हॉल ऐकत होता.

इंग्लंडहून उत्तर आले. तिन्ही विनंत्या त्यांनी मानल्या. टिपण वाचल्यावर पहिली बाटली उघडायला कोणी हात पुढे करीना, असे त्यांनी लिहिले आहे. नंतर उघडली. देणगी मिळाली, ती वसतिगृहाच्या पाण्याच्या टाकीसाठी लावली आहे, हिशेब शेवटच्या पानावर आहे. कार्डेही त्यांनी पाठवली. ती मी कार्यालयात ठेवली आहेत, मुलांच्या नजरेस पडणार नाहीत अशी.

समितीतले आमचे एक वडीलधारे सभासद अजूनही “नाही” म्हणतात. त्यांचा विरोध इतिवृत्तात नोंदवला आहे. त्यांनी आपले म्हणणे पुढच्या अंकात सविस्तर लिहावे, अशी मी त्यांना विनंती केली आहे, आणि त्यांनी ती मान्य केली आहे.